थंडीत तराई कमी नाही, जास्त

"हिवाळ्यात ऊन नसते, प्लास्टरवर दोन दिवस पाणी मारलं तरी भागते" असं काहीजण म्हणतात, ते पटलं नाही. थंडीत सिमेंटची पकडच हळू येते, म्हणून तराई, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, उलट लांबवावं लागतं. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला १०. आणि आपल्या विदर्भात दिवसा हवा कोरडीच असते.

मागच्या डिसेंबरात न्हाणीचा ओटा केला. कापूस वेचणीत मजूर मिळेना, मिस्त्री कसाबसा आला. रात्रीच्या विजेच्या लाइनीवर हरभरा ओलायच्या नादात ओट्याकडे पाहिलंच नाही. आता झाडू मारला की भुकटी निघते! यंदा गोठ्यातल्या ओट्यावर ओला बारदाना अंथरला, सकाळ-संध्याकाळ भिजवला. तो टणक आहे.