मूल क्रिबमधून पलंगावर कधी न्यायचं? तीन वर्षांपर्यंत घाई नको, असं माझं मत

पहाटवारा
मूल दोन वर्षांचं झालं की "आता मोठं झालं, पलंगावर झोपू दे" असं जो तो सांगू लागतो. मला हे पटत नाही. मूल क्रिबच्या, म्हणजे चारही बाजूंनी उंच कठडे असलेल्या बाळाच्या खाटेच्या, कठड्यावर चढायला बघत नसेल आणि तिथे शांत झोपत असेल, तर तीन वर्षांपर्यंत त्याला तिथेच राहू द्यावं.

दीड-दोन वर्षांच्या लेकराला "उठून यायचं नाही" याचा अर्थ कळतो. पण अर्धवट झोपेत जाग आल्यावर ते आठवायचं आणि स्वतःला आवरायचं, एवढी ताकद त्या वयात आलेली नसते. क्रिबमध्ये ते काम कठडा करतो. पलंगावर नेलं की तेच काम आपण मुलावर टाकतो, आणि त्याला जमलं नाही की त्यालाच रागावतो. हा मला अन्याय वाटतो.

२०१९ साली 'स्लीप मेडिसिन' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या १,९८३ पालकांकडून १८ ते ३६ महिन्यांच्या मुलांच्या झोपेची माहिती घेतली होती. क्रिबमधली मुलं लवकर झोपी जात होती, रात्री कमी वेळा उठत होती आणि सलग जास्त वेळ झोपत होती. जागतिक आरोग्य संघटना १ ते २ वर्षांच्या मुलांसाठी, दुपारची झोप धरून, ११ ते १४ तास सांगते. तेवढी झोप नीट मिळत असेल तर ती विस्कटायची कशासाठी?

आणि धाकटं येणार म्हणून थोरल्याची क्रिब काढून घेणं तर मला अजिबात पटत नाही. नवं बाळ पहिले काही महिने छोट्या पाळण्यात झोपू शकतं. आई वाटली गेली त्याच आठवड्यात थोरल्याची झोपायची जागाही जायला नको.

उंबरठा
असहमत. झोपेसाठीचा तुमचा जीव समजतो, पण तीन वर्षं हा आकडा मला धोक्याचा वाटतो.

आधी त्या अभ्यासाबद्दल. माहिती पालकांनीच सांगितलेली आणि एकदाच घेतलेली. जी मुलं मुळातच चळवळी, रात्री उठणारी, कठड्यावर लोंबकळणारी, त्यांनाच पालक लवकर पलंगावर नेतात. झोप बिघडली म्हणून पलंग आला की पलंग आला म्हणून झोप बिघडली, हे त्यातून ठरत नाही.

दुसरं, वयापेक्षा उंची बघा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की मूल ३५ इंच, म्हणजे ८९ सेंमी झालं, किंवा कठडा त्याच्या उंचीच्या पाऊणपटीहून कमी भरू लागला, की त्याला क्रिबमधून काढावं. आता जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते काढून बघा. दोन वर्षांच्या मुलग्याची मध्यम उंची ८७ सेंमीच्या आसपास, मुलीची ८६ च्या. म्हणजे चारचौघांसारखं वाढणारं मूल सव्वादोन वर्षांच्या आगेमागे ही रेषा ओलांडतं. तुमची तीन वर्षं त्याच्या कितीतरी पुढे आहेत.

पहाटवारा
उंबरठा, अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही हे खरं, पण रोज रात्रीचा अनुभव त्याच दिशेचा असतो. उंचीची रेषा पडण्याच्या भीतीने आखलेली आहे. गादी सगळ्यात खालच्या पातळीवर आणली, आतली मोठी खेळणी आणि उशा काढल्या, स्लीप सॅक, म्हणजे अंगात घालायची पिशवीसारखी दुलई, घातली की पाय वर टाकणंच अवघड होतं. जे मूल चढायचा प्रयत्नही करत नाही, त्याला केवळ फूटपट्टीसाठी का हलवायचं?

उंबरठा
कारण पहिल्यांदा चढताना कोणतंही मूल आधी सांगत नाही. काल न चढणारं मूल आज डोक्यावर पडतं, तेही रात्री, आपण दुसऱ्या खोलीत असताना. अमेरिकेत १९९० ते २००८ या काळात क्रिब, प्लेपेन (मुलाला खेळायला ठेवायचं कठड्याचं कुंपण) वगैरेंमुळे जखमी होऊन आपत्कालीन विभागात आलेल्या दोन वर्षांखालच्या मुलांची संख्या वर्षाला सरासरी साडेनऊ हजार होती, आणि दर तीनातली दोन पडूनच. तुम्ही सांगितलेल्या उपायांनी थोडा अवधी मिळतो, वर्षभर नाही.

साधी_गादी
मला दोघांशीही वाद घालायचा आहे. क्रिब की पलंग, असे दोनच पर्याय का? वर्षाच्या आतल्या बाळाबद्दल मी बोलत नाही. त्यानंतर सरळ जमिनीवर गादी टाका. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये लहान मुलांची पहिली शाळा, 'बालगृह', उघडली, आणि मुलाला स्वतःहून चढता-उतरता येईल असा बुटका बिछाना असावा, हा विचार त्यांचाच. झोप आली की आपण होऊन बिछान्याकडे जाणारं मूल एकदा पाहा. झोप ही त्याला कोंडून करायला लावायची गोष्ट राहत नाही. एवढ्या लहान वयात स्वतःच्या शरीराचं ऐकायला शिकणं मला अर्ध्या तासाच्या झोपेपेक्षा मोलाचं वाटतं.

पहाटवारा
आणि रात्री दोन वाजता ते आपण होऊन कपाटाकडे गेलं तर?

साधी_गादी
म्हणून खोली आधी तयार करायची. कपाटं, ड्रॉवर भिंतीला पक्के आवळायचे, पडद्यांच्या दोऱ्या काढायच्या किंवा हात पोचणार नाही अशा बांधायच्या, प्लगना झाकणं लावायची, खिडकीखाली चढता येईल असं काही ठेवायचं नाही. दाराला लहान मुलांचं फाटक बसवायचं.

पहाटवारा
फाटक लावलंत म्हणजे कठडा दारापर्यंत सरकला, एवढंच. मग मोकळीक कुठे राहिली? मुलाला अडवायचंच असेल तर त्याला ओळखीच्या, उबदार जागी अडवू या.

साधी_गादी
फरक उंचीचा आहे. गादीवरून घसरलं तर मूल पुन्हा झोपतं. कठड्यावरून पडलं तर डॉक्टरकडे न्यावं लागतं.

रात्रपाळी
तुमची तत्त्वं चालू द्या, पण बदल करणारी माणसं सामान चुकीचं घेतात, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. मोठ्या पलंगाला लावायचे सुटे कठडे दोन वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीतच. गादी आणि कठडा यांच्या फटीत मूल अडकून गुदमरण्याचा धोका असतो. जे मूल स्वतः पलंगावर चढतं-उतरतं, त्याच्यासाठीच ते आहेत. लहान मुलांचे बुटके पलंग अमेरिकेच्या मानकांनुसार १५ महिन्यांपासून आणि साधारण २२ किलो वजनापर्यंत चालतात. त्यात बहुतेक वेळा क्रिबचीच गादी बसते, आणि नव्या जागेत जुना वास राहिला तर मुलाला खूप धीर येतो. दुमजली पलंगाचा वरचा मजला सहा वर्षांखाली कधीच नाही.

दाराला बाहेरून कडी घालू नका, मूल कितीही वेळा बाहेर येवो. आग लागली तर ते आत अडकतं. उठून आलं की न बोलता, दिवा न लावता परत नेऊन झोपवा, आणि पुन्हा आलं की पुन्हा तेच. कंटाळवाणं आहे, पण रागावण्यापेक्षा लवकर लागू पडतं. पहाटवारा म्हणतात त्यातली एक गोष्ट मात्र मी मनापासून उचलून धरते: बाळाचा जन्म, घर बदलणं, शी-शूची सवय यांपैकी काही चालू असताना, मूल चढत नसेल तर, पलंग मध्ये आणू नका.

नवी_पालवी
आमची वीस महिन्यांची आहे. आज दुपारी एक पाय कठड्यावर टाकून बसली होती. गादी आधीच तळाला आहे. आता?

पहाटवारा
मग माझा तीन वर्षांचा आग्रह तुमच्यासाठी नाही, ताई. दुसऱ्या प्रयत्नाची वाट बघू नका.

उंबरठा
आजच रात्री क्रिबमधली गादी काढून भिंतीपासून थोडी दूर, जमिनीवर टाका. पलंग नंतर सावकाश बघता येईल. झोपायची वेळ, अंगाई, पांघरूण सगळं नेहमीचंच ठेवा. आणि रिकामी क्रिब त्या खोलीत ठेवू नका, ती तिच्यावर बाहेरून चढेल.