सल्ला हवा आहे: फायली सुरक्षित ठेवून लॅपटॉपवर विंडोज पुन्हा कसे बसवावे? (नाशिक)

इंदिरानगरवासी:
नमस्कार. आमच्या घरी विंडोज ११ असलेला एक लॅपटॉप आहे. यजमान त्यावर निफाड आणि दिंडोरी भागातील काही द्राक्ष बागायतदारांचे हिशेब टॅलीमध्ये लिहितात, आणि सासऱ्यांनी गोदावरीच्या घाटांविषयी अनेक वर्षे जमवलेली टिपणे श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलिखित करून त्यातच ठेवलेली आहेत. गेले काही आठवडे अपडेट अर्ध्यावर येऊन मागे फिरते आणि स्टार्ट मेनू कधी उघडतो, कधी उघडत नाही. एका दुकानात दाखवला असता ‘फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची जबाबदारी आमची नाही’ एवढेच उत्तर मिळाले. फॉरमॅट न करता विंडोज पुन्हा बसवता येते का, आणि त्यात नेमके काय जाण्याची भीती असते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सातपूरकर:
ताई, लॅपटॉप सुरू होतो आहे आणि आपल्याला आत शिरता येते आहे, म्हणजे फॉरमॅटची वेळ अजून आलेली नाही. सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे, आणि अशा तक्रारीवर मी नेहमी सर्वांत सौम्य उपाय आधी करतो.

मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण विंडोज बसवण्याचे साहित्य असलेली एकच फाइल, उतरवून घ्यावी. ती पाच जीबीहून मोठी असते, म्हणून मोबाइलच्या डेटावर विसंबू नये. भाषा आणि आवृत्ती, म्हणजे होम किंवा प्रो, सध्या लॅपटॉपवर आहे तीच हवी. विंडोज चालू असतानाच त्या फाइलवर डबल क्लिक करून आतील सेटअप चालवावे आणि ‘कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स’ हा पर्याय निवडावा. यात विंडोजच्या फायली नव्याने लिहिल्या जातात, पण आपली कागदपत्रे, टॅली, प्रिंटरची मांडणी हे सारे जागच्या जागी राहते. हा पर्याय फिका दिसून निवडता येत नसेल, तर तिथेच थांबावे. बहुधा भाषा किंवा आवृत्ती जुळत नसते. पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून सेटअप चालवले तर हा पर्याय मिळतच नाही, आणि दुकानांत सहसा तीच पद्धत वापरतात.

सेटिंग्जमधील ‘रीसेट धिस पीसी’ हा दुसरा मार्ग. त्यातील ‘कीप माय फाइल्स’ या नावावर मात्र फार भिस्त ठेवू नये. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे वापरकर्त्याच्या फोल्डरमधील साहित्य राहते, पण बाहेरून बसवलेली सगळी सॉफ्टवेअर निघून जातात आणि त्यांची यादी तेवढी डेस्कटॉपवर ठेवली जाते. हिशेबाच्या लॅपटॉपवर मी तरी हा मार्ग दुसऱ्या क्रमांकावरच ठेवीन.

कोणताही मार्ग घेतला तरी आधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि त्यातील चार-दोन फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. दुसरी, बिटलॉकर या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधील सोयीची ४८ अंकी रिकव्हरी की शोधून कागदावर लिहून ठेवावी. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. ऐन कामात लॅपटॉपने ती की मागितली आणि ती हाताशी नसली, तर फायली डिस्कवर असूनही उघडता येत नाहीत. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता, त्या खात्यात ती बहुधा सापडते.

पंचवटीतील टंकलेखक:
सातपूरकरांच्या सल्ल्याशी मी सहमत आहे, पण सासऱ्यांच्या टिपणांविषयी मला अधिक काळजी वाटते. जुन्या श्रीलिपीतील मजकूर बहुधा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसतो. फाइल सुखरूप राहिली तरी तो विशिष्ट फॉन्ट नसेल, तर वाक्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गुंता दिसतो, आणि पाहणाऱ्याला फाइल खराब झाली असेच वाटते. हे फॉन्ट सी ड्राइव्हवरील विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात. रीसेट केल्यावर ते जातात. म्हणून ते आधी निवडून हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावेत. शिवाय प्रत्येक टिपण आजच, अक्षरे नीट दिसत असतानाच, उघडून पीडीएफ म्हणून जतन करावे. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे पुढे कोणत्याही संगणकावर ते वाचता येईल. ही वर्षानुवर्षांची मेहनत आहे. यासाठी एक दुपार गेली तरी चालेल.

इंदिरानगरवासी:
दोघांचेही आभार. रिकव्हरी की यजमानांच्या खात्यात सापडली. आता दोन शंका आहेत. डी ड्राइव्हवर पुष्कळ जागा आहे, तर प्रत तिथेच ठेवली तर चालेल का? आणि टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये कुठेच दिसत नाही, तो कुठे शोधावा?

सातपूरकर:
डी ड्राइव्ह बहुधा त्याच एका डिस्कचा दुसरा भाग असतो. डिस्क बिघडली किंवा सेटअपमध्ये चुकीचा भाग पुसला गेला, तर मूळ फायली आणि प्रत दोन्ही एकदम जातील, म्हणून बाहेरची हार्ड डिस्कच घ्यावी आणि काम सुरू करताना ती काढून ठेवावी.

टॅलीत कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा मार्ग दिसतो. टॅलीप्राइममध्ये तो सहसा ‘युजर्स’च्या आतील ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये असतो, जुन्या टॅलीत थेट सी ड्राइव्हवर. तो संपूर्ण फोल्डर उचलावाच, आणि टॅलीमधून बॅकअपही वेगळा घ्यावा. रीसेट किंवा फॉरमॅट करण्याची वेळ आलीच, तर टॅलीचे लायसन्स आधी सरेंडर, म्हणजे परत, करावे, म्हणजे नव्याने चालू करताना अडचण येत नाही. ईमेलसाठी आउटलुक वापरत असल्यास त्याची पीएसटी, म्हणजे ईमेल साठवणारी, फाइलही पाहावी. ती कधीकधी ‘अ‍ॅपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये असते.

सी ड्राइव्हवर वीसेक जीबी जागा मोकळी करून, चार्जर लावून आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना सुरुवात करावी. महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचे कळवलेले असेल, तर तो दिवस टाळावा. काम झाल्यावर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा मोठा फोल्डर दिसेल. तो लगेच पुसू नये. काही बिनसले तर साधारण दहा दिवस जुन्या स्थितीत परतता येते, नंतर विंडोज तो स्वतःच काढून टाकते. तेवढ्या दिवसांत यजमानांनी टॅलीतील प्रत्येक कंपनी उघडून शेवटच्या नोंदी जुळतात का ते पाहावे.