मदत हवी आहे : माय अन् पोरीला घेऊन एका दिवसात रामटेक

नमस्कार मंडळी,

मी मोर्शी तालुक्यातला, रिद्धपूरजवळचा. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाले अन् वाटेत आमच्या रिद्धपुरात त्यांना त्यांचे गुरू गोविंदप्रभू भेटले, हे माय नेहमी सांगते. स्वतः मात्र तिनं रामटेक पाहिलं नाही. पोरगी चित्रकला शिकते, तिला वही घेऊन निवांत बसायचं आहे. संत्र्याची तोड लागली की घर सुटत नाही, म्हणून त्याआधी एक दिवस काढतो आहे. गाडी घरची.

वरूड-पांढुर्णा-सावनेर करून पुढं खापा-पारशिवनीच्या रस्त्यानं जावं की सरळ नागपूर गाठावं? मायचे गुडघे दुखतात, तर राममंदिराच्या गडावर गाडी कुठवर जाते? जवळचं मनसर, नगरधन अन् गड एका दिवसात जमेल का? खिंडसी तलावातली बोट नको, पाणी आमच्या अप्पर वर्धा धरणातही आहे.

प्रतिसाद

भाऊ, तिन्ही ठिकाणं शिवून याल, पण पोरीची वही कोरीच राहील. मनसर सोडा. तिथल्या हिडिंबा टेकडीवरचं वाकाटक राजांच्या काळातलं विटांचं बांधकाम खरंच मोठं आहे, पण तिथं उन्हात चढावं लागतं.

गडावर सकाळीच जा. गाडी बरीच वर जाते, तरी काही पायऱ्या आहेतच. मायला हळूहळू न्या. वाटेत दगडी वराह लागतो, त्याच्या पोटाखालून लोक सरपटत निघतात. पापी माणूस अडकतो म्हणे! मायला तो हट्ट करू देऊ नका.

पोरीला मात्र केवल नरसिंहापाशी बसवा. मुख्य मंदिराच्या खालच्या अंगाला हे पाचव्या शतकातलं देऊळ आहे. बाहेरून अगदी साधं, लोक पुढं निघून जातात. आत लाल दगडाचा भलामोठा नरसिंह नुसता बसलेला, दोनच हात, मांडीवर हिरण्यकश्यपू नाही, म्हणून ‘केवल’. भिंतीवर वाकाटकांचा शिलालेख आहे. मला तर राममंदिरापेक्षा हेच जास्त आवडतं. जवळच रुद्र नरसिंह आहे.

अन् हे मायला जरूर सांगा : वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक दानाचा ताम्रपट तुमच्या रिद्धपुरातच सापडला. ते दान तिनं रामगिरीस्वामींच्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या, पायाशी दिलं, असं त्यात लिहिलं आहे. अभ्यासक तो रामगिरी म्हणजे हाच गड मानतात. कालिदासाच्या ‘मेघदूता’तल्या यक्षाचा रामगिरीही हाच, असं इतिहास संशोधक वा. वि. मिराशींचं मत. त्यामुळेच गडावर कालिदास स्मारक आहे, आत त्याच्या काव्य-नाटकांवरची चित्रं आहेत.

दुसरा प्रतिसाद

त्रिपुरी पौर्णिमा टाळा, तेव्हा गडावर मुंगीला वाट मिळत नाही. वेळ उरला तर दुपारून नगरधनचा किल्ला करा. आतल्या विहिरीत उतरून देवीचं भुयारी देऊळ आहे. तिथं पोरगी उतरेल, माय वर बसेल. रस्त्याचं म्हणाल तर पारशिवनीकडून या, नागपूरच्या गर्दीत कशाला शिरता?

धागाकर्ता

लई आभार. मनसर रद्द, पारशिवनीकडूनच येतो. आता एकच सांगा, सोबत पिठलं-भाकर राहील. गडावर बसून खाता येते का?

प्रतिसाद

गडावर डबा उघडूच नका, वानरं हातातून भाकर नेतात. पिशवी गाडीत ठेवा, काचा लावा. खाली अंबाळा तलावाला घाटावर नाही, रस्त्याकडच्या झाडाखाली बसा. घाटावर अस्थिविसर्जनाचे विधी चालू असतात, मायला जेवण जाणार नाही.