नाव तेच, माणूस दुसरा – तुमचे अनुभव लिहा

ओढ्याकाठचा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. २०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी झेडपी शाळेत मास्तर. नाव सांगत नाही, पण आमच्या गावात त्याच नावा-आडनावाची सात माणसं आहेत आणि त्यातल्या तिघांच्या वडलांचं नावपण एकच, त्यामुळं गावात आम्ही मळ्यातला, वेशीवरचा आणि मास्तर. शुक्रवारी सकाळी सव्वासहाला दोन हवालदार दारात. "वॉरंट आहे, चला." कसलं? तर म्हणे चेक बाउन्सची केस, तारखेला हजर राहत नाही म्हणून नॉन-बेलेबल निघालंय, शेजारच्या जिल्ह्यातल्या कोर्टाचं. मी जन्मात मोजून चार चेक फाडले असतील. बायकोने सवयीने चहाचं विचारलं आणि ते प्यायलेही.

ठाण्यात मोबाईल काढून घेतला, बाकड्यावर दोन तास. मी सांगतोय साहेब तो मी नव्हे, ते म्हणतायत सगळेच असं म्हणतात. वॉरंटचा कागद बघायला मागता येतो हेच मला माहीत नव्हतं, आणि मी पंधरा वर्षं पोरांना नागरिकशास्त्र शिकवतोय! डोक्यात फक्त ४८ तास फिरत होते, कारण सरकारी नोकरीत त्याच्यावर कोठडी गेली की माणूस निलंबित धरतात, मग खरं-खोटं नंतर.

तिथून नव्वद किलोमीटर खाजगी गाडीतून नेलं, डिझेल माझ्या पैशाचं. कोर्टात तक्रारदार आला, माझ्याकडं बघून म्हणाला, "अहो हा नव्हे, तो जाडा आहे." लोक हसले. मला हसू आलं नाही. नंतर वकिलाने दाखवलं, वॉरंटवर आरोपीचं वय ५२ लिहिलेलं, मी तेव्हा ३६ चा. तो कागद सकाळपासून त्यांच्या खिशात होता.

असं कुणावर आलं असेल तर लिहा. ठाण्याचं, साहेबाचं नाव टाकू नका, भांडणं होतात.

कटिंगवाला

माझं पुण्यात झालं, नावाची नाही, नंबर प्लेटची भानगड. मी फूड डिलिव्हरी करायचो. चेन ओढणाऱ्यांनी डुप्लिकेट प्लेट लावलेली आणि तो नंबर नेमका माझ्या गाडीचा. रात्री अकराला डीबीवाले (ठाण्याचं गुन्हे शोध पथक) साध्या कपड्यात आले, कुणाच्या छातीवर नावाची पट्टी नाही, काही नाही, म्हणे अटक वगैरे काही नाही, फक्त चौकशीला चल. त्या "फक्त चौकशी"त मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून होतो, डायरीत माझं नावच नाही. दोन कानाखाली बसल्या. सीसीटीव्हीत हेल्मेटवाला माणूस, मी पण हेल्मेटवाला, झालं मॅच!! रूममेटने माझ्या अॅपमधला ऑर्डरचा रेकॉर्ड प्रिंट काढून आणला, ज्या मिनिटाला तिकडं चेन ओढली त्या मिनिटाला मी बारा किलोमीटर लांब एका सोसायटीच्या गेटवर ओटीपी घेत होतो. मग साहेब म्हणाले जा. सॉरी नाही, काही नाही, वर "प्लेट बदलून घे". आईला अजून सांगितलेलं नाही.

तिफण

बाप रे. सैफ अली खानवर चाकूहल्ला झाला त्या केसमध्ये रेल्वेगाडीतून उतरवलेला तो पोरगा आठवला. फोटो सगळीकडं फिरला, मग सोडून दिला, पण नोकरी गेली आणि ठरलेलं लग्नही मोडलं असं त्याने सांगितल्याचं पेपरात आलेलं.

खाकीतून मोकळा

तेहतीस वर्षं नोकरी केली, आता रिटायर. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. मास्तर, तुमच्या दारात आलेल्यांना तुम्हीच तो की नाही याच्याशी घेणंदेणं नव्हतं. महिनाअखेरीला वॉरंटची निर्गती दाखवावी लागते, किती बजावली किती बाकी, आणि बाकी जास्त दिसली की क्राइम मीटिंगमध्ये साहेब उभं करून सोलतात. त्यात जुन्या वॉरंटवर पत्ता म्हणजे "मु. पो. अमुक", वडलांचं नाव कधी असतं कधी नसतं. गावात गेलं की पोलीस पाटलाला विचारायचं असतं, ते मी करायचो, आळस केला तर नाही करायचो. एकदा माझ्याच हातून भलताच माणूस उचलला गेलाय. हातगाडीवर केळी विकायचा. मॅजिस्ट्रेटसमोर नेईपर्यंत त्याचा माल काळा पडला होता. त्याच्या मालाचे दोनशे रुपये मी खिशातले दिले, आता वाटतं फार कमी दिले.

आणि ते "चौकशीला बसवणं" सगळीकडं चालतं. नोंद केली की २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं घड्याळ सुरू होतं ना, म्हणून नोंदच करायची नाही.

पालावरची

तुमच्याकडं चूक नावाची होते, आमच्याकडं जमातीची. मी पारधी, आडनाव भोसले. हेच आडनाव बाकीच्यांचं असलं की खुर्ची मिळते. मी सातवीत असताना शेजारच्या शिवारात दरोडा पडला, फिर्यादीत "अनोळखी चार इसम" एवढंच. पहाटे गाड्या आल्या आणि वस्तीवरचे सगळे बाप्ये भरून नेले. चार हवे होते, अकरा नेले. कुणाची ओळख पटवली, कुणी पटवली, विचारायची सोयच नाही. आमचे वडील चार दिवस तिथं, कागदावर एकसुद्धा दिवस नाही. आईने दोन शेळ्या विकल्या, वकिलाने पैसे घेतले आणि तो तिसऱ्या दिवशी उगवला.

इंग्रजांच्या १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने आमच्यासारख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, तो रद्द झाला १९५२ मध्ये, ३१ ऑगस्टला. माझे पणजोबा सोलापूरच्या तारेच्या कुंपणात राहिलेले, तिथल्या भागाला आजपण सेटलमेंटच म्हणतात. कुंपण गेलं पण पहाटेच्या गाड्या कुठं गेल्या? मी आता एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत परत गाडी आली तेव्हा मी दारात उभी राहून विचारलं, नोटीस आहे का, कुणाला नेताय, कुठल्या ठाण्यात, घरच्यांना कागद कोण देणार? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू शेळी बोलायला लागली. पण त्या दिवशी एकालाच नेलं, आणि नोंद करून नेलं.

काळा कोट

@पालावरची, दुसऱ्या वर्षाला हे विचारलंत, मी सनद मिळाल्यावरसुद्धा घाबरायचो.

मास्तर, तुमच्या केसमध्ये खरी गोम कुणीच सांगितली नाही. दुसऱ्या जिल्ह्यातलं वॉरंट असेल आणि ते कोर्ट तीस किलोमीटरच्या आत नसेल तर परस्पर तिकडं पळवायचं नसतं. आधी जवळच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर किंवा एसपीसमोर उभं करायचं, आणि त्याने बघायचं की कोर्टाला हवा असलेला माणूस हाच दिसतोय का. म्हणजे ही चूक पकडायची जागा कायद्यातच ठेवलेली आहे, तेव्हा सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ८० आणि ८१, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ८२ आणि ८३. ती पायरी सर्रास गाळतात. आणि मागितलं तर वॉरंट दाखवावंच लागतं, कलम ७७. वडलांचं नाव, वय, पत्ता, केस नंबर तिथंच मोठ्याने वाचायचं, शेजारीपाजारी ऐकू दे.

कटिंगवाला, २४ तासांचं घड्याळ डायरीतल्या नोंदीपासून नाही, तुम्हाला उठून जाता येईनासं झालं तिथून सुरू होतं, मुंबई हायकोर्टाने हे सांगितलंय. नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटकेचा मेमो, नातेवाइकाला कळवणं, हे सगळं सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालातलं आहे. अटकेची कारणं समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, रिमांडच्या निदान दोन तास आधी, हे सुप्रीम कोर्टाने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्न किती हा प्रश्नच नाही, विधी सेवाचा नंबर १५१००.

भरपाईचं विचाराल तर हसाल. विनाकारण अटक करायला लावणाऱ्याकडून मॅजिस्ट्रेट जास्तीत जास्त हजार रुपये देववू शकतो. नव्या कायद्यातही हजारच ठेवलेत. जास्त हवं तर हायकोर्टात रिट, म्हणजे पुन्हा वर्षं.

मिशिगनवासी

इकडं पण तेच हो. सिग्नलला गाडी थांबवली, माझ्या नावाचं कुठल्यातरी दुसऱ्या काउंटीचं वॉरंट निघालं, हातकड्या घालून चाळीस मिनिटं गाडीत. वॉरंटमधल्या माणसाच्या दंडावर गोंदण होतं, माझ्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण. तो व्रण बघून ऑफिसर विचारात पडला 😄 मग बोटांचे ठसे घेतल्यावर सोडलं. डेट्रॉइट पोलिसांनी २०२० मध्ये एकाला कॉम्प्युटरच्या चुकीच्या फेस मॅचवरून घरासमोर बायकापोरांदेखत उचललेलं, २०२४ मध्ये त्यांना कोर्टात तडजोड करून मान्य करावं लागलं की फक्त त्या मॅचवरून अटक करणार नाही. परदेशात असाल तर एक लक्षात ठेवा, भारतीय वकिलातीला कळवा असं सांगायचा हक्क आहे, मला तेव्हा सुचलंच नव्हतं.

ओढ्याकाठचा

एवढं लिहून येईल असं वाटलं नव्हतं. वकीलसाहेब, ती ८१ ची पायरी आज कळली, तीन वर्षांनी.

एक सांगायचं राहिलं. आठ महिन्यांनी तेच वॉरंट परत आलं. कोर्टात दुरुस्ती झाली होती, ठाण्याच्या यादीत नाही. या खेपेला एक नवीन शिपाई, पंचविशीतला. मी म्हणलं आधी दाखव. त्याने दाखवलं, ५२ च. मी कोर्टाच्या आदेशाची नक्कल काढून ठेवली होती ती दिली, त्याने मोबाईलवर फोटो काढला आणि कुणालातरी फोन लावला. चहा त्यानेही घेतला. ज्याचं वॉरंट आहे तो मळ्यातला म्हणे २०१६ लाच गाव सोडून गेलाय.

नक्कल आता लॅमिनेट करून आरसी बुकाबरोबर ठेवतो. एक झेरॉक्स बायकोने देवघरातल्या फोटोमागं खोचलीय.