मुरगावचा 37 टक्क्यांचा पराक्रम: टाळ्या कशाला?

सडेकर:
काल तीन ग्रुपांवरून एकच पोस्ट आली. "महामारीत देशातली बंदरं आडवी झाली, आपलं गोव्याचं मुरगाव बंदर मात्र 37 टक्क्यांनी वाढलं. कोळसाविरोधकांना सणसणीत चपराक." खाली अंगठ्यांची रांग. (कोळसाविरोधक म्हणजे या बंदरातून जाणाऱ्या कोळशाची भुकटी नको म्हणणारे आम्ही.) रात्री झोप लागेना म्हणून लिहायला बसलोय. लांबलंय, सोसून घ्या.

आकडा खोटा नाही. 2019-20 ला बंदरातून 16 दशलक्ष टन माल गेला-आला, 2020-21 ला 22 च्या आसपास. बारा मोठ्या बंदरांची बेरीज साडेचार टक्क्यांनी खाली आली. वर राहिली पारादीप आणि मुरगाव एवढीच, आणि पारादीपही जेमतेम. पण मुळात आपण 16 वर आलो कसे? 2010-11 मध्ये याच बंदरातून 50 दशलक्ष टनांच्या घरात माल गेला होता. 2012 ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद, मग अर्धवट सुरू, मार्च 2018 ला परत बंद. टायफॉइडमधून उठलेल्याचं वजन चार किलो वाढलं म्हणून त्याला कोणी आखाड्यात उतरवत नाही.

वाढलं काय, तर मुख्यतः खनिज. 2018 पूर्वी काढून, रॉयल्टी भरून पडलेला माल न्यायला सर्वोच्च न्यायालयानं 30 जानेवारी 2020 ला सहा महिने दिले, पुढे लॉकडाऊनमुळे मुदत वाढली. तिकडे चीन सगळ्यांच्या आधी उठून बसला, भट्ट्या पेटल्या, भाव चढले. आपलं 58 टक्क्यांहून कमी लोखंडाचं हलकं खनिज, त्यालाही गिऱ्हाईक मिळालं. म्हणजे गोदाम झाडून विकलं. दुकान चालतंय असं सांगू नका.

आणि मार्च 2020 चे ते पहिले दिवस विसरलात? किराणाही बंद. घरात कांदा संपलेला, बेळगावची भाजी चोर्ला घाटाच्या पलीकडे अडकलेली. मी गॅलरीत उभा, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि खालून रेल्वेच्या मालवाघिणींचा आवाज. माणसाला कांदा नाही, पण बळ्ळारीकडच्या कारखान्यांना कोळसा वेळेवर. दोरीवरच्या सदऱ्याच्या कॉलरवरून बोट फिरवलं तर बोट काळं. गाड्या बंद, हॉटेलं बंद, बांधकामं बंद. मग ती भुकटी कुठून आली, हे त्या पोस्टवाल्यानं सांगावं.

आमोणेकर:
सडेकर, पगार किती तारखेला होतो तुमचा? राग मानू नका, पण "गोदाम झाडून विकलं" हे बोलायला बरं वाटतं. माझ्या वडिलांनी नदीतून बंदराकडे खनिज नेणाऱ्या बार्जवर उभी हयात काढली. 2012 नंतर आमची बार्ज नदीत नांगरून होती, तळाला कालवं धरली. बँकेचा माणूस यायचा तेव्हा आई मागच्या दारानं शेजारी जायची. त्या वर्षी, हो, महामारीच्याच वर्षी, आठ वर्षांत पहिल्यांदा आमच्या बार्जला सलग ट्रिपा मिळाल्या. डिझेल, खलाशी, दुरुस्ती जाऊन हातात फार उरलं नाही, पण बहिणीची फी भरली. तुमच्या हिशेबात तो बेस इफेक्ट असेल, आधीचा आकडा लहान म्हणून वाढ मोठी दिसते तो, आमच्या घरात ते जेवण होतं.

हिशेबी:
दोघांचंही अर्धं बरोबर. टक्केवारी फुगलेली आहे, हे सडेकरांचं मान्य. पण सहा दशलक्ष टन म्हणजे सहा दशलक्ष टन. बंदराला धक्काभाडं मिळालं, जहाज वाट दाखवून आत आणायची फी, म्हणजे पायलटेज, मिळालं. ज्या वर्षी पर्यटन कोसळलं आणि कॅसिनो कित्येक महिने बंद, त्या वर्षी गोव्यात दुसरं काय वाढलं ते सांगा.

सडेकर:
रुग्ण वाढले.

पेडणेकर:
जहाजांनीच आणला रोग वास्कोत! 2020 च्या 1 मेला आपण ग्रीन झोन होतो, 1 जूनला वास्कोतलं मांगूर हिल सील. बंदर गावात ठेवून भोगताय, आणि टनांच्या गप्पा मारताय.

टगवाला:
इथे मी गप्प बसणार होतो. पेडणेकर, जहाजावरचा एक माणूस तरी खाली उतरलेला पाहिलात का? चीनहून निघालेल्या जहाजाचे 14 दिवस पुरे झाल्याशिवाय धक्क्याला घेत नव्हते. खलाशांना करार संपले तरी उतरता येईना, वर्ष वर्ष अडकले बिचारे. आपले तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणारे गोंयकार, मुंबईसमोर जहाजावरून किनारा बघत बसले होते, तेव्हा त्यांच्या बायका इथे रडत होत्या. त्यांनाही "रोग घेऊन येतील" म्हणणारे तुमच्यासारखेच.

पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. जहाज बंदरात आणणाऱ्या पायलटला आमच्या टगवरून, त्या ओढबोटीवरून, जहाजावर चढवायचं होतं. पीपीई किट, हातमोजे, तोंडावर प्लास्टिकची काच. दोरीची शिडी कधी गुडघ्याखाली, कधी डोक्यावर. काचेवर वाफ धरलेली, त्याला पायरी दिसेना. खालून मी ओरडतोय "आत्ता! आत्ता!" वर पोचल्यावर त्यानं आधी काच काढून फेकली. आकडा वाढला म्हणता ना, तो असा एकेक शिडीनं वाढला. पोस्टवाल्याला ते ठाऊक नाही आणि सडेकरांनाही नाही.

सडेकर:
टगवाले, तुमच्याबद्दल एक शब्द वाकडा बोललो नाही. माझं भांडण आकडा मिरवणाऱ्यांशी आहे. आणि रेल्वे दुपदरी करून तो आणखी फुगवायला निघालेत त्यांच्याशी. 2020 च्या 1 नोव्हेंबरच्या रात्री दक्षिण गोव्यातल्या चांदरला हजारो लोक रुळांपाशी उभे होते, ते काय हौसेनं?

जुव्याची सून:
मला त्या कांद्यावर बोलायचंय. बेळगावची भाजी आली नाही म्हणून आपण उपाशी का? ताळगावची वांगी कुठे गेली? आमच्या जुवे बेटावरची सात शिरांची भेंडी एकेकाळी पणजीच्या बाजारात नाव घेऊन मागत. आज मी स्वतः फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून बेळगावची घेते, लाज वाटते सांगायला.

पेडणेकर:
गोंयकाराला शेत नको, शेतजमिनीवर फ्लॅट पाहिजे. पाठीचा कणा वाकवायला तयार कोण आहे?

जुव्याची सून:
कणा वाकवून झालाय, बाबा. सासरे खाजन कसायचे, खाऱ्या नदीकाठची बांधाआडची शेती. भरलेल्या बार्ज गेल्या की लाट बांधावर आपटते. एका वर्षी रात्री मानशीजवळ, बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, बांध फुटला, सकाळी भाताच्या पेंढीवर खेकडे. खारं पाणी एकदा शिरलं की ते शेत दोन-तीन पावसाळे धुवून निघाल्याशिवाय पीक देत नाही. आमोणेकरांच्या ट्रिपा सुरू झाल्या याचा आनंद आहे. पण त्या ट्रिपा आमच्या बांधाला चाटूनच जातात.

आमोणेकर:
आता हेही आमच्यावरच! वहिनी, बांध कोणी दुरुस्त करायचा? कुळांची संघटना काय करते? मानशीचा लिलाव मासळीसाठी, फळ्या उघड्या ठेवायच्या, खारं पाणी आत घ्यायचं, आणि दोष बार्जवाल्याला. माझे वडील वळणावर इंजिन कमी करायचे.

जुव्याची सून:
तुमचे वडील करत असतील. बाकीच्यांना ट्रिपांची घाई. मी माडाखाली उभी राहून बघितलंय, धुरळा उडवत टिप्पर जातो तशी बार्ज जायची. आणि मानशीबद्दल मला शिकवू नका, आमच्या घरात तीन पिढ्या फळ्या टाकल्यात.

हिशेबी:
धागा बंदराचा होता. आता मानशीवर आलाय. मांडवीच्या तोंडावरचा आग्वादचा वाळूचा पट्टा आणि मांडवी-जुवारी जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा राहिलाय, तोही घ्या.

आमोणेकर:
घेतो की. पावसाळ्यात मांडवीचं तोंड बंद झालं की आम्ही कुंभारजुव्यातूनच जुवारीला निघतो. तिथे चिंचोळ्या जागी वेग कमी करावाच लागतो. (बरं, सगळे करत नाहीत. भरतीची वेळ चुकली की ट्रिप जाते, मग काही जण दाबतात. हे मी इथे लिहिलं म्हणून उद्या कोणी स्क्रीनशॉट फिरवू नका.)

सडेकर:
आमोणेकर, तुमच्या बहिणीच्या फीबद्दल मी बोललो नाही, बोलणारही नाही. "गोदाम झाडून" हे तुम्हाला लागलं असेल तर शब्द मागे. आकड्याचं मत मागे नाही. ते पडलेलं खनिज संपलं की पुढच्या वर्षी बार्ज काय नेणार?

आमोणेकर:
ते आम्हालाही ठाऊक नाही. पण कोळसा आमच्या बार्जमधून जात नाही, तो वाघिणीतून जातो, एवढं तरी तुमच्या पुढच्या लेखात लिहा. दरवेळी एकाच पोत्यात घालता आम्हाला.

सडेकर:
लिहीन. सदरा पाठवू का धुवायला?

आमोणेकर:
पाठवा. जुव्याच्या वहिनी भेंडी देणार असतील तर पोचवायला मी येतो.

जुव्याची सून:
आधी वेग कमी करा, मग भेंडी.