मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत भावाचे नाव आहे. या काळात आम्ही काय करावे?

अनुराधा, सांगली
माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा असून दीड वर्षापासून त्याचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. त्याचा रक्तगट ओ आहे. आईला मधुमेह आणि माझा रक्तगट बी, त्यामुळे आम्हा दोघींनाही मूत्रपिंड देता आले नाही. आठ महिन्यांपूर्वी पुण्यातील एका रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे त्याची नोंद झाली. तेव्हापासून रात्री फोन वाजला की आई उठून बसते. यादीत त्याचा क्रमांक कितवा आहे, हे कोणी निश्चित सांगत नाही. मुंबईतही नाव नोंदवावे का?

प्रत्यारोपण समन्वयक, पुणे
अनुराधाताई, एका वेळी एकाच रुग्णालयात नोंद ठेवता येते, त्यामुळे मुंबईचा विचार सोडावा. तिकिटाच्या रांगेसारखा कायमचा क्रमांक इथे नसतो. मेंदूमृत दात्याच्या नातेवाइकांनी संमती दिली की त्या रक्तगटाची यादी काढली जाते आणि डायलिसिसचा कालावधी, वय, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) करण्याच्या जागा निकामी झाल्या आहेत का, अशा बाबींच्या गुणांवरून त्या वेळेपुरता क्रम लागतो. शिवाय दात्याच्या रुग्णालयात प्रत्यारोपणाची सोय असेल, तर एक मूत्रपिंड प्रथम तिथल्या यादीला मिळते. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदल करता येते, आणि आपण बहीण असल्याने आपल्याला त्यात नाव देता येईल. मात्र ओ गटाच्या रुग्णाला ओ गटाचाच दाता लागतो, म्हणून अशी जोडी मिळणे अवघड असते, हे आधीच सांगणे मला योग्य वाटते. तरीही नोंद अवश्य करावी.

प्रत्यारोपण झालेला एक रुग्ण, सातारा
ताई, मला पहिल्यांदा बोलावणे आले तेव्हा माझी हृदयाची टू-डी एको तपासणी जुनी झालेली होती, आणि ते मूत्रपिंड दुसऱ्या रुग्णाला गेले. त्यानंतरचे चौदा महिने मी विसरू शकत नाही. म्हणून हृदयाची तपासणी, दातांची तपासणी आणि हिपॅटायटिस बी ची लस यांच्या तारखा एका वहीत लिहून ठेवा, आणि फोन क्रमांक बदलला तर त्याच दिवशी समन्वयकांना कळवा. रक्त चढवण्याची वेळ आली तर ते टाळता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्यातून परक्या अवयवाला विरोध करणारी प्रतिपिंडे वाढतात आणि पुढे क्रॉसमॅच (दाता आणि रुग्ण यांचे रक्त एकमेकांशी जुळते का, ही चाचणी) जुळणे कठीण होते. भावाला रोज सकाळी फिस्टुलावर बोटे ठेवायला सांगा. मांजर गुरगुरते तशी थरथर तिथे जाणवली पाहिजे. ती थांबली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बोलावणे आले की तपासण्यांची फाइल घेऊन निघायचे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही खायचे-प्यायचे नाही. एकाच वेळी दोन-तीन रुग्णांना बोलावतात, त्यामुळे परत यावे लागले तरी नाव यादीत राहते, एवढे आईंना आत्ताच समजावून ठेवा.

अनुराधा, सांगली
आपणा दोघांची मी मनापासून ऋणी आहे. भावाची एको तपासणी मागच्या दिवाळीत झाली होती, हे आत्ता फाइल उघडल्यावर दिसले. उद्या डायलिसिसला गेल्यावर प्रथम तिचीच तारीख मागून घेते.