डिलिव्हरीच्या थर्मल पिशवीवर सुटकेसची ड्युटी: बरोबर की अन्याय?

दर्यावर्दी (रत्नागिरी)

ताजी मासळी घरपोच देणारे आम्ही काही जण मिळून थर्मल पिशव्या बाहेरून मागवतोय. पाठीला अडकवायची चौकोनी पिशवी. बाहेरून जाड पॉलिस्टर, मध्ये फोम, आत चंदेरी अस्तर. जेवण पोचवणारी पोरं घेऊन फिरतात ना, तसलीच. माल न्हावाशेव्याला उतरणार. कस्टम्सच्या दरयादीत या पिशवीचं हेडिंग, म्हणजे वर्गाचा क्रमांक, कुठलं हे आधी कळावं म्हणून दोन एजंटांना विचारलं. पहिला म्हणाला, 6307 मध्ये टाकू, शिवलेल्या कापडी वस्तूंत. दुसरा म्हणाला 4202, म्हणजे ट्रंका, सुटकेस, बायकांच्या पर्स यांच्या पंगतीत. ओळखीच्या एका व्यापाऱ्याने 3924 सुचवलं, प्लास्टिकची घरगुती भांडी.

माझं मत 4202. आवडीचं नाही, पण तेच खरं. त्या हेडिंगमध्ये 'खाद्यपदार्थ किंवा पेयांच्या इन्सुलेटेड पिशव्या' असं नाव घेऊन लिहिलंय. वर्गीकरणाचा पहिलाच नियम सांगतो की आधी हेडिंगचे शब्द आणि विभाग-प्रकरणांच्या टिपा बघा. कापडाच्या विभाग 11 ची टीप 1 म्हणते, 4202 मधल्या कापडी वस्तू आमच्यात नकोत. प्लास्टिकच्या प्रकरण 39 ची टीप 2 पण तेच म्हणते. मग पिशवीत कापड किती आणि प्लास्टिक किती हे तोलत बसण्यात अर्थ काय?

खरी कळ वेगळीकडे आहे. ताज्या मासळीवर जीएसटी नाही, त्यामुळे खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वळता करायचं क्रेडिटही आम्हाला नाही. बंदरावर भरलेला आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, आमच्या खिशातून गेला तो गेलाच. 500 रुपयांची पिशवी धरा. 2018 मध्ये ठरलेल्या 15 टक्क्यांनी ड्युटी 75, त्यावर सोशल वेल्फेअर सरचार्ज साडेसात, झाले 582.50. त्यावर आयजीएसटी 18 टक्के म्हणजे 104.85. पिशवी पडली 687 रुपयांना, भाडं आणि एजंट वेगळे. एखाद्या बड्या कंपनीने हीच पिशवी आणली तर हे 104.85 तिला क्रेडिटमध्ये परत मिळतात. पाट्यावर बसून मासे विकणाऱ्या बाईला मिळत नाहीत. म्हणून 4202 बरोबर असलं तरी हा दर न्याय्य नाही असं मला वाटतं. बोला.

पनवेल_लोकल

नाव लिहिलंय म्हणून विषय संपला असं नसतं. वस्तू कशासाठी आहे ते बघा. सुटकेस सामान नेते, पर्स पैसे सांभाळते. थर्मल पिशवीचं काम अन्न गार किंवा गरम ठेवणं. अमेरिकेत याच मुद्द्यावर एसजीआय नावाच्या कंपनीने सरकारला हरवलंय. 1997 सालचा अपील कोर्टाचा निकाल. व्हिनाइलचे मऊ कूलर होते. कस्टम्सने 4202 लावून 20 टक्के मागितले. कोर्ट म्हणालं, 4202 मधल्या वस्तू माणसाचं सामान वागवायच्या, कूलर अन्नासाठी आहे, तो 3924 मध्ये जातो. दर 3.4 टक्के. आपल्याकडेही 3924 मध्ये 'इन्सुलेटेड वेअर' अशी स्वतंत्र ओळ आहे, 3924 10 10. मग ती कशाला ठेवलीय, शोभेला?

न्हावाशेवा_रोजचा

आलं का 1997! आमच्या ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक पोरगा हा निकाल शोधून काढतो आणि खुश होतो. त्याच्या पुढचं पान कोणी उलटत नाही.

तो निकाल लागला तेव्हा हेडिंगमध्ये इन्सुलेटेड पिशव्यांचा उल्लेखच नव्हता. हार्मोनाइज्ड सिस्टीमच्या, म्हणजे जगभर वापरतात त्या वर्गीकरणाच्या यादीच्या, 2002 च्या दुरुस्तीत हे शब्द 4202 मध्ये घातले गेले. ज्या फटीतून कंपनी बाहेर पडली ती फट बुजवली. अमेरिकेने मग या पिशव्यांना 4202.92 खाली वेगळ्या ओळी दिल्या. बाहेरची बाजू कापडाची असेल तर 7 टक्के, नाहीतर 3.4. म्हणजे तिथे अजूनही बाहेरचा थर कापडाचा की प्लास्टिकचा यावर भांडण होऊ शकतं, कारण पैसे वेगळे. आपल्याकडे दोन्ही एकाच 4202 92 00 मध्ये. भांडायचं कशावर?

राहिलं 'इन्सुलेटेड वेअर'. तो कडक माल. जेवणाच्या टेबलावरचे कॅसरोल, डबे, जग. खांद्याचा पट्टा आणि चेन असलेली मऊ पिशवी तिथे बसत नाही, आणि बसवलीत तरी प्रकरण 39 ची टीप 2 तुम्हाला बाहेर काढते. शिवाय सप्टेंबर 2018 मध्ये 4202 आणि 3924 दोन्हींची ड्युटी 10 वरून 15 झाली. जीएसटी दोन्हीकडे 18. तुम्ही जिंकलात तरी हातात काय पडणार हो?

पनवेल_लोकल

माझ्या हातात काही पडो न पडो, तत्त्व आहे. बरं, मग 3923 घ्या, प्लास्टिकचं पॅकिंगचं सामान. प्रकरण 42 मध्येच टीप आहे की प्लास्टिक शीटच्या, धरायची दांडी (हँडल) असलेल्या, फार काळ वापरायच्या नसलेल्या पिशव्या 4202 मध्ये येत नाहीत, 3923 मध्ये जातात. मासळीच्या धंद्यात पिशवी टिकते किती? खारं पाणी, बर्फ, ऊन. एका मोसमात चिंध्या होतात.

न्हावाशेवा_रोजचा

वस्तू कशासाठी *बनवली* ते बघतात. तुम्ही तिची काय दशा केलीत ते नाही. ती टीप आहे पार्सलबरोबर फुकट देतात त्या पातळ फॉइलच्या पिशव्यांसाठी. आइस्क्रीम घरी नेलं की काम संपलं. हेडिंगच्या स्पष्टीकरणात्मक टिपांत इन्सुलेटेड पिशवीला 'पुन्हा पुन्हा वापरता येणारी' म्हटलंय, वाहतुकीत किंवा थोडा वेळ ठेवताना तापमान टिकवणारी. शिवलेली, चेनची, पट्ट्यांची, तळाला पत्र्यासारखी कडक शीट घातलेली पिशवी 'फार काळासाठी नाही' असं म्हणून बघा, तपासणीत अधिकारी चेन दोनदा उघडून दाखवेल.

मालवणी_तिरफळ

बाबांनू, तुमचा ता 4202 बांगड्याक म्हायत नाय. माका सांगा, पिशयेतसून पाणी गळता त्येचा काय करूचा?

मराठीत लिहितो, नाहीतर रत्नागिरीवाले म्हणतील कळलं नाही. आमच्याकडे अशाच जेवणाच्या पिशव्या आणल्या होत्या. पिझ्झासाठी बनवलेल्या, आत कोरडा खोका ठेवायचा हिशोब. मासळीत बर्फ वितळतो. अस्तर शिवलेलं असतं, सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी फोममध्ये जातं. चार फेऱ्यांत फोम जड होतो आणि मग जो वास सुटतो तो साबणाने जात नाही. चंदेरी थर आधी कोपऱ्यात सोलतो, कारण घडी तिथेच पडते. चेनचा धातूचा धावता खाऱ्या हवेने अडकतो, पोरगा ओढतो, दाते निघतात. ताडपत्रीच्या जाड पीव्हीसीचं, शिवणीऐवजी गरम करून चिकटवलेलं अस्तर हवं, आणि चेन प्लास्टिकची. हे ऑर्डर देताना लिहून घ्या. हेडिंगवरची मारामारी त्यानंतर.

दर्यावर्दी

तिरफळ, हे सोन्यासारखं सांगितलंत. पीव्हीसीचं चिकटवलेलं अस्तर घातलं तर वर्गीकरण बदलतं का, कोणी सांगेल?

न्हावाशेवा_रोजचा

नाही. बाहेरची बाजू पॉलिस्टर असो की पीव्हीसी, 4202 92 00 च. पण एक गोष्ट वेगळी: स्कूटरच्या मागे बोल्टने बसवायचा साच्यातला कडक डबा मागवलात तर तो इथे येत नाही. 4202 मध्ये अर्धविरामाच्या आधीची यादी वेगळी आणि नंतरची वेगळी. इन्सुलेटेड पिशवी नंतरच्या यादीत आहे, आणि त्या यादीतल्या वस्तू ठरावीक मालाच्याच लागतात: चामडं, प्लास्टिकची शीट, कापड, व्हल्कनाइज्ड फायबर, पुठ्ठा. साच्यात ओतलेलं प्लास्टिक म्हणजे शीट नव्हे. थर्माकोलचा मासळीचा खोका तर सरळ 3923 10.

शिलाई_मशीन (कुडाळ)

इतका वेळ सगळे बंदरावरच उभे आहेत. आमच्या गटातल्या बायका अशा पिशव्या इथेच शिवतात. फोम आणि अस्तर मुंबईहून आणतो. दर्यावर्दींना 15 टक्के ड्युटी जास्त वाटते, मला ती कमी वाटते. ड्युटी उतरली तर कंटेनरने येणाऱ्या पिशवीपुढे आम्ही टिकणार नाही. मासेवाल्या बाईची कणव येते, तशी शिवणाऱ्या बाईची का येत नाही?

आणि जीएसटीचं बोलायचं तर तो आमच्याही गळ्यात आहे. हीच पिशवी 6307 मध्ये मोजली असती तर 2500 रुपयांच्या आत 5 टक्के. 4202 म्हणून 18. म्हणजे 500 च्या पिशवीवर 25 ऐवजी 90. तेच कापड, तीच मशीन, तीच बाई. कापडी झोळी शिवली की आम्ही कापडवाल्या, त्यात फोम घातला की आम्ही सुटकेसवाल्या.

पनवेल_लोकल

पण तुमची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. मग 18 कसले नि 5 कसले? उगाच रडगाणं.

शिलाई_मशीन (कुडाळ)

रडगाणं नाही, हिशोब सांगते. ती सूट राज्याच्या आत विकलं तर. आमचं गिऱ्हाईक आहे गोव्यात, हॉटेलं आणि शॅकवाले. बांद्याच्या पुढे पत्रादेवी ओलांडली की माल परराज्यात गेला आणि पहिल्या पिशवीपासून नोंदणी आली. रत्नागिरी आम्हाला लांब, म्हापसा जवळ. पनवेलमध्ये बसून हे दिसत नाही. आणि नोंदणी नसली तरी फोम-अस्तरावर भरलेला कर आमच्याच पदरात राहतो, तो कुणी परत देत नाही.

वकिली_नाही_हो (चिपळूण)

ताई, 5 टक्क्यांची मागणी रास्त आहे, पण ती जीएसटी परिषदेकडे करायची. वर्गीकरण वाकवून ती मिळवायची नसते. दोन वेगळे प्रश्न इथे एकाच टोपलीत भरलेत. दर किती असावा हा धोरणाचा प्रश्न. वस्तू कुठे बसते हा वाचनाचा प्रश्न.

दर्यावर्दींना सावध करतो. 6307 सुचवणाऱ्या एजंटाचं ऐकू नका. 2011 पासून सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे बिल ऑफ एंट्रीत (आयातीच्या अर्जात) जे हेडिंग लिहाल त्याची जबाबदारी आयातदाराची. माल सुटला म्हणजे सुटलात असं नाही. कस्टम्स कायद्याच्या कलम 28 खाली साधारण 2 वर्षांत मागणीची नोटीस येऊ शकते, आणि माहिती दडवली असं ठरलं तर 5 वर्षं मागे जातात. इन्व्हॉइसवर नुसतं 'पॉलिस्टर बॅग' लिहून इन्सुलेशनचा उल्लेख गाळणं, हे दडवणंच धरलं जातं. व्याजासकट भराल तोवर त्या पिशव्या कधीच्या फाटलेल्या असतील.

पनवेल_लोकल

घाबरवू नका हो. वर्गीकरण सिद्ध करायचा भार खात्यावर असतो, हे सुप्रीम कोर्टाने कितीदा सांगितलंय. खात्याला 4202 हवं असेल तर त्यांनी कारण देऊन लेखी आदेश काढावा. कलम 17(5) खाली 15 दिवसांत काढावाच लागतो. निषेध नोंदवून भरा आणि अपिलात जा. प्रत्येकाने मान खाली घालून भरलं तर दर कधीच बदलणार नाही.

न्हावाशेवा_रोजचा

आणि तोवर कंटेनर कुठे ठेवणार, तुमच्या अंगणात? सीएफएसचं (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं) भाडं, कंटेनर अडकला म्हणून शिपिंग लाइनचं डिटेन्शन, रोज मीटर पडतं. मोठा आयातदार तत्त्वासाठी लढू शकतो. पाच-सहा मासेवाले नाही. फेसलेस असेसमेंट आल्यापासून तुमचं बिल कुठल्या शहरातला अधिकारी उघडेल ते सांगता येत नाही, समोर जाऊन पिशवी दाखवायची सोयही राहिली नाही. त्याच्यापुढे असतं ते फक्त वर्णन आणि कॅटलॉग. ते नीट द्या.

वकिली_नाही_हो (चिपळूण)

खरंच शंका असेल तर माल निघायच्या आधी मुंबईच्या अ‍ॅडव्हान्स रुलिंग, म्हणजे आधीच निर्णय देणाऱ्या, प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तीन महिन्यांत निर्णय द्यायची तरतूद आहे आणि तो अर्जदारापुरता खात्यावर बंधनकारक असतो. पण जिथे हेडिंगने नाव घेऊन सांगितलंय तिथे मी तरी त्यावर पैसे घालणार नाही. पनवेलकरांना घालायचे तर खुशाल घालू देत, निर्णय आला की आम्हालाही वाचायला मिळेल.

पनवेल_लोकल

घालीनही. माझ्याकडे पातळ अस्तराच्या, चेन नसलेल्या, नुसत्या दांडीच्या प्लास्टिक पिशव्या येतात. त्या 3923 च्याच, आणि तिथे तुमचं 'पुन्हा वापरता येणारी' लागू होत नाही. त्यावर न्हावाशेवावाले अजून सरळ उत्तर देत नाहीत.

न्हावाशेवा_रोजचा

त्या 3923 च्याच, दिलं सरळ उत्तर. पण मघाशी तुम्ही पाठीवरच्या पिशवीसाठी भांडत होतात.

दर्यावर्दी

माल 4202 92 00 खालीच उतरवतो, वर्णनात इन्सुलेटेड, फोम, अस्तर सगळं लिहून. शिलाईताई, तिरफळांनी सांगितलंय तसं चिकटवलेल्या अस्तराची एक नमुना पिशवी तुमच्या गटाला जमेल का? राज्यातल्या राज्यात विक्री आहे, पत्रादेवी लागत नाही. 687 च्या आत बसली तर कंटेनरचा आकडा अर्धा करतो.

शिलाई_मशीन (कुडाळ)

शिवण जमते, चिकटवायचं मशीन नाही. सावंतवाडीत मंडपाची ताडपत्री जोडणारा एक जण आहे, त्याला विचारते. माप पाठवा, आणि बर्फ किती किलो भरता तेही.